चौदा पावलांची खूण

३ सप्टेंबर

प्रिय टिटवी,

पाकिटावरचं अक्षर पाहूनच हे कुणाचं पत्र ते तुला कळलं असणार. तरीही फोडलंस, याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावतो आहे. तुझी आई गेली तेव्हा तू दोन दिवस घरात होतीस आणि माझ्याशी बोललेलं एकच वाक्य मला आठवतं : "औषधं डाव्या खणात ठेवली आहेत." त्याला आठ वर्षं झाली. औषधं अजून डाव्याच खणात असतात.

काल आपला फूटपट्टी आला होता. बांबूउडीत उंचीचा पंच म्हणून चाळीस वर्षं मैदानावर काढली, तरी गड्याची पाठ अजून ताठ आहे. एका सेंटिमीटरची सूट कधी कुणाला दिली नाही, म्हणून मीच त्याचं हे नाव ठेवलं होतं. आता त्याची सूनही पाठीमागे तेच म्हणते. तो म्हणाला, "तुझी लेक भेटली विभागीय स्पर्धेत. केस पिकलेत थोडे. तुझ्यापेक्षा मात्र बरी शिकवते, वाईट वाटून घेऊ नकोस."

मी म्हटलं, "वाईट कसलं? मीच शिकवलंय तिला."

"हो, तेच तर," तो म्हणाला आणि चहात बघत बसला.

मग त्याने तुझ्याकडे शिकणाऱ्या त्या लांब हातांच्या मुलीचं सांगितलं. एवढे लांब हात, असा वेग, आणि धावायला बाराच पावलं. तीन मीटर नव्वदवर तिन्ही वेळा आडवी पट्टी पाडली. फूटपट्टीने तुला विचारलं, हिला चौदावर का नेत नाहीस? तर तू म्हणालीस म्हणे, "बारा पुरे. चौदात मोजणं चुकतं. मी चुकलेय, मला माहीत आहे."

तो गेल्यावर मी जेवायला बसलो आणि ताट तसंच झाकून ठेवलं.

तिला चौदा पावलं दे. एवढंच सांगायला हे पत्र. नोव्हेंबरात राष्ट्रीय स्पर्धा आहे, अजून दोन महिने आहेत. आधी पोल न घेता नुसती धावून घे, मग रोवण्यापर्यंत, मग उडी. तुला मी काय सांगायचं? पण एवढे लांब हात बारा पावलांत बांधून ठेवणं म्हणजे पाखराला कपाटात पाळणं.

तू म्हणशील, म्हाताऱ्याला आता हे सुचतंय. खरं आहे. बारा पावलांशी माझं लग्न फार जुनं, तुझ्या आईच्याही आधीचं. आम्हाला भाषा शिकवायचे तेच गुरुजी खेळाच्या तासालाही असायचे. दुसऱ्या कुणाला तो तास नको होता, म्हणून. त्यांना बांबूउडीतलं काही कळत नव्हतं आणि कवितेतलं सगळं कळत होतं. शाळेमागे वाळूचा खड्डा, दोन खांब, मध्ये काथ्याची दोरी. मी धावायचो आणि दर वेळी वेगळ्याच पायावर पोचायचो. एक दिवस ते म्हणाले, "अरे, तुझ्या धावण्याला वृत्त नाही." फळ्यावर भुजंगप्रयात शिकवून नुकतेच बाहेर आले होते, हाताला खडू तसाच होता. त्यांनी उभ्या उभ्या ओळ रचून दिली :

पळावे, भिडावे, उडावे, सुटावे.

बारा अक्षरं, बारा पावलं. शेवटच्या अक्षराला डावा पाय जमिनीवर, पोल जमिनीतल्या पेटीत रोवलेला. मी त्या ओळीवर धावलो आणि दोरी खाली राहिली. माझ्या आयुष्यात त्यानंतर जे काही झालं ते त्या ओळीमुळे झालं. बांबू गेला, काचतंतूचे पोल आले, वाळू जाऊन गादी आली, मी अकरा वर्षं राष्ट्रीय विक्रम सांभाळला, आगगाडीत पोल चढवू देईनात म्हणून बसच्या टपावर बांधून नेला. पण ओठांत ओळ तीच. तूही पाच वर्षांची असताना अंगणात तीच ओरडत धावायचीस, अशा कर्कश आवाजात की शेजारच्या शिंपीणबाई म्हणाल्या, "ही पोर आहे की टिटवी?"

असो. लिहायला बसलो की मी असा भरकटतो. तिला चौदा पावलं दे.

— बाबा

८ सप्टेंबर

टिटवी,

मागचं पत्र टाकून आलो आणि वाटेत लक्षात आलं, एक गोष्ट लिहायची राहिली. टपालकचेरीच्या पायरीवर बसून ती लिहीन म्हणून हे कार्ड घेतलं. पण समोर एका शाळेच्या खिडकीतून पोरं एका सुरात कविता म्हणत होती, शब्द कळत नव्हते, चाल मात्र ओळखीची. ऐकत बसलो. आता कार्डावर जागा उरली नाही.

— बाबा

१९ सप्टेंबर

प्रिय टिटवी,

तू मला लिहिलं नाहीस, पण फूटपट्टीला फोनवर जे म्हणालीस ते त्याने शब्दशः पोचवलं. तो त्यातही सूट देत नाही. "बारा पावलांवर ज्यांनी व्याख्यानं दिली, तेच आता चौदा म्हणतात. काका, वय झालंय त्यांचं. त्यांना सांगा, मी माझ्या मुलीचे पाय मोडून घेणार नाही."

व्याख्यान म्हणालीस ते कुठलं, ते मला माहीत आहे. तू कुबडी घेऊन कुंपणापाशी उभी होतीस हे मला उशिरा दिसलं. समोर नवी तुकडी बसली होती आणि मी सांगत होतो, "चौदाच्या नादी लागून माझ्या पोरीचं काय झालं ते पाहताच आहात." पुढच्याच महिन्यात तू लांबची नोकरी धरलीस. तुझी आई तुझी बॅग भरत होती आणि मी बाहेर पोलांना तेल लावत होतो. पोलांना तेल लावत नाहीत हे तुलाही माहीत आहे.

मग आता ती राहिलेली गोष्ट लिहितो.

तुझा पाय मोडला त्या वर्षी तू सारखी म्हणायचीस, "बाबा, मला दोन पावलं कमी पडतात. वेग यायच्या आतच पेटी येते." मी म्हणायचो, वृत्त मोडतं. तू म्हणायचीस, "मग ओळीत दोन अक्षरं वाढवा ना." आणि तुझी आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "अहो, कवितेला दोन अक्षरं जोडा, नाहीतर पोरीच्या पायाची दोन बोटं छाटा. काय ते एकदा करा आणि जेवायला या." आपण तिघंही हसायचो. मी थोडं कमी.

त्या दिवशी स्पर्धेच्या मैदानावर तू स्वतः फीत धरून चौदा पावलांचं अंतर मोजलंस. जिथून धाव सुरू करायची तिथे, धावपट्टीच्या कडेला पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावलास आणि त्यावर पेनने १४ लिहिलंस. सरावाच्या दोन उड्या घेतल्यास. मग पोलच्या मुठीला पट्टी गुंडाळायला तू बाकाकडे गेलीस.

ती खूण मी सरकवली. पेटीच्या बाजूला, थोडीशी. समोरून वारा सुटल्यासारखा वाटला. समोरचा वारा असला की पावलं आखूड पडतात, खूण पुढे घ्यावी लागते. कुठलाही प्रशिक्षक घेतो. तुला सांगायला हवं होतं, पण त्या दिवसांत तुला काही सांगितलं की वाद व्हायचा, आणि तुझी हाक लगेच आली. मग वारा पडला असावा. तू धावलीस, शेवटचं पाऊल आत, पेटीच्या फार जवळ आलं, पोल उभा राहिलाच नाही. त्याने तुला मागे फेकलं आणि डावी टाच पेटीच्या कडेवर आली. पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

सगळे तुझ्याकडे धावले. मी खुणेकडे गेलो. चिकटपट्टी सोलली, तिचा गोळा केला, खिशात टाकला.

इस्पितळात शुद्धीवर आल्यावर तू पहिलं विचारलंस, "बाबा, खूण बरोबर होती ना?" मी म्हणालो, "खूण बरोबरच होती. पाऊल तुझं चुकलं." डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, उडी नाही. तू भिंतीकडे तोंड केलंस. मला वाटलं, दुखत असेल.

त्या आठवड्यात तुझ्या आईने माझी पँट धुवायला घेतली आणि खिशात तो गोळा सापडला. तिने तो पाण्यात भिजवून, नखाने उकलून सरळ केला. तुझं अक्षर ती कुठेही ओळखायची. ओल्या हातांनीच माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "तुम्ही सांगणार, का मी?" मी म्हटलं, मी सांगतो. "कधी?" "ती चालायला लागली की." तू चालायला लागलीस. मग मी म्हटलं, ती नोकरीत रुळली की. मग म्हटलं, ती घरी आली की. पहिली काही वर्षं तुझी आई दिवाणखान्यात, दर जेवणाला नुसती माझ्याकडे बघायची. नंतर बघायचंही सोडलं. दोघांच्या बोलण्यात मग फक्त भाजी आणि वीजबिल उरलं. तिने तुला सांगितलं नाही, कारण तिला वाटत राहिलं की नवऱ्याने शब्द दिलाय तर त्यानेच तो पाळावा. त्यासाठी तिला दोष देऊ नकोस.

तेव्हा तुझं मोजणं चुकलं नव्हतं. ते मी चुकवलं. वाऱ्याचा अंदाज माझा चुकला.

आता तिला चौदा पावलं देशील ना?

— बाबा

७ ऑक्टोबर

टिटवी,

तुझं कार्ड आज सकाळी पोस्टमनने हातात दिलं. एकोणीस वर्षांनी तुझं अक्षर. त्याला वाटलं असेल म्हाताऱ्याला काही वाईट बातमी आली, कारण तो फाटकापाशी थांबून राहिला. मी त्याला म्हटलं, "लेकीचं आहे." तो म्हणाला, "मग बसून वाचा, आजोबा."

बसून वाचलं. तीनच ओळी :

"वारा नव्हता. माझं पाऊल बावीस सेंटिमीटर आत पडलं होतं, पंचकाकांनी मोजलं होतं. तुम्ही खूण किती सरकवली होती?"

म्हणजे हा आकडा तू एकोणीस वर्षं जवळ बाळगलास. मी 'थोडीशी' लिहून सुटू पाहिलं. माझ्या पत्राला दुसऱ्या कुणी काय उत्तर दिलं असतं मला माहीत नाही. तू प्रशिक्षकासारखं दिलंस. चूक झाली असेल तर किती झाली ते आधी सांगा.

आधी वाऱ्याचं. वारा नव्हता. धावपट्टीच्या टोकाला लावलेली वारा दाखवणारी कापडी पिशवी काठीला चिकटून लोंबत होती. तू ते विसरली असशील, असं मला वाटलं. जिने उडी मारली ती वारा विसरेल, असं मी, अकरा वर्षं विक्रम सांभाळलेला माणूस, धरून चाललो.

खरं कारण त्या दोन सरावाच्या उड्या. दोन्ही वेळा तू चौदा पावलांवर अशी अचूक आलीस आणि अशी वर गेलीस की आडवी पट्टी आणि तुझ्यामध्ये हातभर आभाळ राहिलं. शेजारच्या संघाचा प्रशिक्षक टाळ्या वाजवत माझ्याकडे वळून म्हणाला, "काय शिकवलंत हो." मी ते शिकवलं नव्हतं. मी त्याच्या विरुद्ध वर्षभर भांडलो होतो. माझ्या उमेदीत मलाही दोन पावलं कमी पडायची, टिटवी. मला ते कळत होतं. पेटी लवकर यायची. पण गुरुजींची ओळ मोडायला माझा जीव धजला नाही, आणि पुढे त्या न धजण्यालाच मी पद्धत म्हणू लागलो, ती शिकवू लागलो. त्या दोन उड्यांत तू मला दाखवलंस की माझा विक्रम मी स्वतःच ठेंगणा ठेवला होता. बापाला आनंद व्हायला हवा होता. तो झालाही असेल, कुठेतरी खाली. वर जे आलं ते दुसरंच होतं.

मला तुला पाडायचं नव्हतं. हे तू मान किंवा मानू नकोस. मला वाटलं, पाऊल आत येतंय हे तुला धावतानाच कळेल. तू पोल सोडशील, गादीवरून पळत निघून जाशील, शंभर वेळा गेली होतीस तशी. मग माझ्याकडे येऊन विचारशील, बाबा, चौदा जमत नाही, काय करू? आणि मी म्हणेन, बारावर ये. एवढंच हवं होतं मला. तू येऊन विचारायला हवी होतीस.

पण तू सोडलं नाहीस, कारण खूण तू स्वतः मोजून लावली होतीस. तुझा तिच्यावर भरवसा होता. हे माझ्या हिशेबात आलंच नाही. स्वतःच्या मोजण्यावर भरवसा ठेवायला मीच तुला शिकवलं होतं आणि नेमकं तेच विसरलो.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

त्या दिवशी माझ्याकडे फीत नव्हती. चिकटपट्टीचा तुकडा उचलला, जुन्या जागी अंगठा टेकवला, करंगळी पोचली तिथे तो चिकटवला. एक वीत.

कार्ड वाचून मी आत गेलो आणि तुझ्या आईच्या शिवणाच्या डब्यातली फीत काढली. जेवणाच्या टेबलावर पसरली आणि हात ठेवला. साडेवीस भरली. क्षणभर बरं वाटलं, लिहून टाकतो. कारण दीड सेंटिमीटर मग तुझ्या वाट्याला गेलं असतं, थोडंसं तुझंही चुकलं असं झालं असतं. मग बोटांकडे पाहिलं. सांधे धरलेत, करंगळी आत वळली आहे, हात पुरता उघडत नाही. डाव्या तळव्याने उजवी बोटं टेबलावर दाबली, सरळ होईपर्यंत. बरंच दुखलं. बावीस. पुन्हा केलं, पुन्हा बावीस. तिसऱ्या वेळी फूटपट्टीला बोलावून घेतलं.

तो आला, त्याला वाटलं माझा काही खेळ चाललाय. म्हणाला, "म्हातारपणी वीत मोजतोयस? वाढली का?" मी म्हटलं, आधी मोज, मग सांगतो. त्याने चष्मा लावला, फितीवर वाकला, माझी करंगळी स्वतःच्या अंगठ्याने दाबून धरली. "बावीस," तो म्हणाला. मग मी त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ फीत गुंडाळत राहिला. एवढीशी फीत, पण त्याच्याने नीट गुंडाळली जाईना. शेवटी म्हणाला, "त्या दिवशी कागदावर मी लिहिलं होतं, खेळाडूचा अंदाज चुकला. माझ्या हाताने लिहिलं." चहा तसाच ठेवून गेला. आज दिवसभर आला नाही. येईल असं वाटत नाही.

तेव्हा हे असं आहे : खूण बावीस सेंटिमीटर आत होती आणि तुझं पाऊल बावीस सेंटिमीटर आत पडलं. मधली चौदाच्या चौदा पावलं, चौदा पावलांच्या पहिल्याच स्पर्धेत, एवढ्या लोकांसमोर, तू एका बोटाचाही फरक न पडू देता टाकलीस. एवढं नेमकं मी उभ्या आयुष्यात कधी धावलो नाही.

लांब हातांच्या त्या मुलीला हे दोन्ही आकडे दाखव. पहिला माझा. दुसरा कुणाचा आहे, तेही सांग.

— बाबा